दाजी, तुझं राहिलेलं गाऱ्हाणं

दाजी, परवा मी गाडीच्या पोटाखाली गेलो. सावंतवाडीला पेद्रू मेस्त्रीच्या आवारात, सदरा काढून, गोणपाटावर उताणा पडलो. ‘गोदीतलो सायब एकदा तरी जमनीवर आडवो पडाक व्हयो,’ असं तू सहा वर्षं म्हणत होतास. पडलो एकदाचा. फक्त ते बघायला तू नव्हतास. तुला जाऊन तेव्हा बारा दिवस झाले होते.

या पंधरवड्यात तुझ्या दारात आलेला प्रत्येक माणूस तुझं काहीतरी चांगलं सांगून गेला. मी पडवीच्या कडेला बसून ऐकत होतो आणि आतून धुमसत होतो. माणूस गेला की त्याच्याशी असलेलं भांडण लोक घाईघाईने मिटवून टाकतात. आपलं मिटलेलं नाही. ते तुझ्या जीपवरून झालं, म्हणजे आता माझ्या जीपवरून, आणि ते भांडण आहे हे आपण दोघांनीही कधी कबूल केलं नाही. आज मी करतो. तुला मध्ये तोंड घालता येत नाही याचा फायदा घेतोय असं समज हवं तर.

लढाईत तू मिलिटरीत ड्रायव्हर होतास. परत आलास आणि पुढे दोन-तीन वर्षांनी लष्कराच्या लिलावातून ती जीप घेऊन तोंडवलीत उतरलास, तेव्हा मी मुंबईला होतो. आईने कोणाकडून तरी पत्र लिहवून घेतलं होतं, ‘दाजीन लोकंडाची होडी हाडल्यान.’ आईचं काही चुकलं नव्हतं. तू गाडीला होडीसारखंच वागवलंस. हिरव्या रंगाचे पोपडे निघाले तेव्हा होडीचा उरलेला निळा रंग फासलास. टप फाटला तर शिडाचं कापड शिवून चढवलंस. आणि होडीला चोपडतात ते माशाचं तेल दर वर्षी गाडीच्या खालून चोपडायचास. गाडी दिसायच्या आधी तिचा वास यायचा, आणि ती गेली की गावातली मांजरं रस्त्यात येऊन बसायची.

रस्ता म्हणण्यासारखा रस्ताच नव्हता तेव्हा. ओहोटीची ओली वाळू घट्ट असते, म्हणून तू गाडी सरळ किनाऱ्याने तळाशीलपर्यंत न्यायचास आणि तिथून माणसं तरीच्या होडीने खाडीपलीकडे मालवणच्या बाजूला जायची. माझी आई पोटात कळा येऊन निपचित पडली त्या दिवशी मात्र भरती चढत होती. मी मुंबईत. गावातले सगळे पाणी उतरायची वाट बघू म्हणाले. तू तिला मागच्या बाकड्यावर निजवलंस आणि पाण्यातून गाडी घातलीस. आई त्यानंतर सात वर्षं जगली. ‘चाकां बुडली हुती रे, पाणी माज्या पायाक लागला. दाजी मात्र गाडी चलवता चलवता गाऱ्हाणा घालीत हुतो,’ असं ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची. ते सात वर्षांचं देणं माझ्याकडे आहे हे मी कधी विसरलो नाही. विसरलो नाही आणि तरी पुढचं सगळं केलं.

गाऱ्हाणं घालावं ते तूच. आपल्याकडे नवी होडी पाण्यात जायची असो, विहीर खणायची असो की भावाभावांत वाटण्या व्हायच्या असोत, नारळ हातात घेऊन देवाला सगळं तोंडाने सांगावं लागतं, आणि गावात ते काम तुझं होतं. ‘बा देवा म्हाराजा’ अशी तू सुरुवात केलीस की विडी ओढणारे विडी टाकून उभे राहायचे. तू थांबशील तिथे सगळ्यांनी मिळून ‘होय म्हाराजा’ म्हणायचं. कोणाच्या देण्याघेण्याचं गाऱ्हाणं असलं की शेवटी तुझं एक वाक्य ठरलेलं असायचं, ‘देणाऱ्यान आनी घेणाऱ्यान, कोणीच कोणापासून काय लपयलेला नाय, देवा, ह्येका तू साक्षी.’ आणि ते म्हणण्याआधी तू एकदा देणाऱ्याच्या आणि एकदा घेणाऱ्याच्या तोंडाकडे बघायचास. एका बैलजोडीच्या सौद्यात तू असं नुसतं बघितलंस, आणि विकणारा मटकन खाली बसून म्हणाला, ‘दाजी, रव जरा, डावो बैल पावसात लंगडता.’ नारळ परत पिशवीत गेला आणि सौदा पुन्हा पहिल्यापासून सुरू झाला. लोक आठवडाभर हसत होते.

मी मुंबईला गोदीत काय करत होतो ते तू लोकांना रंगवून सांगायचास. बोटीतून उतरलेल्या मालात काय काय बिघाड आहे ते लिहायचं, एवढंच माझं काम. खोका दबलेला, कोपरा फुटलेला, रंग उडालेला, ओल लागलेली. वीस वर्षं मी दुसऱ्याच्या वस्तूतली खोट काढायचा पगार घेतला. मग दम्याने हैराण होऊन नोकरी सोडली आणि फंडाचे पैसे घेऊन गावी आलो. आंबा, कोकम, काजू बाजारात न्यायचे, येताना माणसं आणायची असा बेत होता. त्याच सुमाराला तुझ्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता. एका दगडी गडग्यावर गाडी घासलीस, दुसऱ्या दिवशी एका म्हशीला हुकवलंस, आणि आपणहून किल्ली खुंटीला लावलीस. गाडी विकून मिरजेला जायचं, दोन्ही डोळे करून घ्यायचे, आणि उरतील त्यातून मुलाला होडीत भागी घेऊन द्यायची, असं तुझं ठरलं होतं. हे मला माहीत होतं. मुद्दाम लिहून ठेवतो, कारण मी जे केलं ते माहीत असून केलं.

तुझ्या खळ्यात, घरापुढच्या अंगणात, गाडी उभी होती. तू पायरीवर बसला होतास.

‘किती, दाजी?’

‘तीन हजार. तुका म्हणान. भायल्याक सवातीन.’

मी खिशातून कागद काढला. कागदाचा आवाज तुला बरोबर ऐकू आला.

‘मेल्या, यादी करून हाडलंस? गाडी बघूक इलंस की लग्नाचा चेडू बघूक इलंस?’

तू हसलास, मीही हसलो, आणि मग मी वाचायला लागलो. बॉनेटवर नारळ पडून झालेला खड्डा. (‘तेच्यात पावसाचा पाणी रवता, कावळे पितत,’ तू म्हणालास.) डावा मडगार्ड दबलेला. रंग दोन जातीचा, त्यात ब्रशाचे केस चिकटलेले. टपाला ठिगळं. बाकड्यातून काथ्या बाहेर आलेला. मागचा पत्रा एका बाजूला वाकलेला. पायरी तिरकी. दिव्याच्या कडीला गंज. आणि वास. वासाचे मी पन्नास रुपये कमी करायला सांगितले. ‘वासाचे पैसे?’ तू ओरडलास. ‘ता तेल फुकट मेळता काय? तेचे तू माका जास्तीचे दी!’

प्रत्येक खोट मी वाचली की तू उठून तिथे हात लावायचास. डोळ्यांना धड दिसत नव्हतं, म्हणून बोटांनी बघायचास. खड्ड्याच्या कडेने बोट फिरवून ‘आसा, आसा’ म्हणायचास आणि थोडा खाली यायचास. असं करत आपण सव्वीसशेवर आलो. कोकमाचं सरबत घेऊन आलेल्या वहिनी खांबाला टेकून ऐकत होत्या. त्यांना राहवलं नाही.

‘वसंता, तुज्या आवशीक ह्यो पाण्यातसून घेवन गेलो तेवा ह्ये खड्डे दिसले नाय तुका?’

मी कागद खाली केला. तू एकदम कडाडलास, ‘गो, तू आत जा. सौद्यात ता काडू नको.’ वहिनी आत गेल्या. तू माझ्याकडे वळून म्हणालास, ‘वाच. फुडे वाच.’

तिथे मी थांबायला हवं होतं. कागदावरचं सगळं संपलं होतं. पण वीस वर्षांची सवय म्हण, नाहीतर वहिनींच्या बोलण्याने लागलेला डंख म्हण, मी कागदावर नसलेलं एक वाचलं. पुढची काच तडकलेली आहे म्हणालो.

काच तडकलेली नव्हती, दाजी. नऊ-दहा खोटी खऱ्या होत्या, ही एक मी बनवली. ज्या माणसाला दिसत नाही त्याला सांगितली.

‘खंय?’

‘हय, उजव्या कोपऱ्यात. बारीक आसा, केसासारकी.’

तुझी बोटं काचेवरून फिरली. एकदा वरून खाली, मग आडवी, मग पुन्हा कोपऱ्यात. होडीच्या फळीतली सुईएवढी भेग तू बोटाने शोधायचास हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. तू माझ्या दिशेने तोंड केलंस.

‘आसात बाबा,’ म्हणालास. ‘तू म्हणतस तर आसात.’

काचेपायी शंभर गेले. पंचवीसशेला सौदा ठरला. तुझी एकच अट होती, पेद्रूशिवाय दुसऱ्या मेस्त्रीला गाडीच्या खाली हात घालू द्यायचा नाही. मी लगेच कबूल झालो. अट इतकी साधी आहे म्हटल्यावर मला बरंच वाटलं.

मग नारळ आला. शेजारची पाच-सहा माणसं खळ्यात जमली. तू गाडीपुढे उभा राहिलास, ‘बा देवा म्हाराजा’ म्हणालास, आम्ही ‘होय म्हाराजा’ म्हटलं. आणि तू थांबलास. खाकरलास. पुन्हा ‘बा देवा’ म्हणालास. मग नारळ माझ्या हातात दिलास.

‘घसो बसलो रे. तूच फोड.’

सकाळपासून तुझा घसा इतका छान चालला होता की पलीकडच्या वाडीतून लोक विचारायला आले होते, भांडण कसलं म्हणून. मी गाऱ्हाण्याशिवाय नारळ फोडला. अर्धा तुझा, अर्धा माझा व्हायला हवा होता. रागाच्या भरात मी दोन्ही अर्धे सीटवर टाकले आणि गाडी बाहेर काढली. माणसं पांगताना एकमेकांकडे बघत होती. ‘दाजीचा मन नाय ह्या सौद्यात,’ कोणीतरी म्हणालं, मला ऐकू जाईल अशा बेताने.

सगळ्या गावाच्या होड्यांना, विहिरींना, बैलांना तू गाऱ्हाणं घातलंस, आणि तुझी स्वतःची गाडी माझ्या हातात आली तेव्हा तुझा घसा बसला. याचा अर्थ मी काय लावला असेल? एक तर माझी काच तुला कळली होती आणि त्या खोट्याला देव साक्षी ठेवायची तुझी तयारी नव्हती. नाहीतर कमी पैशांचा राग मनात धरून तू मला मोकळ्या मनाने गाडी दिली नव्हतीस. पहिला अर्थ मला सोसणारा नव्हता. मी दुसरा धरला. दुसऱ्यात मीच दुखावलेला ठरत होतो ना! म्हणून सहा वर्षं मी दुखावलेला राहिलो.

गाडी घेतली त्याच आठवड्यात मी मालवणला ती खालून-वरून सोड्याच्या पाण्याने धुऊन घेतली. तू गावच्या स्टँडवर आलास, बॉनेटवर हात ठेवलास, नाक वर केलंस.

‘वास गेलो रे.’

‘गेलो,’ मी म्हणालो.

‘वास व्हयो हुतो, वसंतराव.’

त्याआधी मी तुझा वसंता होतो. त्या दिवसापासून वसंतराव झालो. ‘वास व्हयो हुतो’ हा मला पन्नास रुपयांवरचा टोमणा वाटला. मग तू मिरजेला गेलास आणि एकच डोळा करून परत आलास. लोकांनी विचारलं तर ‘एक पुरो, दुसऱ्यान काय बघूचा रवला?’ म्हणालास. मी हिशेब करत बसलो. काचेचे शंभर, वासाचे पन्नास, बॉनेटचे, टपाचे. तुझा उजवा डोळा कुठल्या खड्ड्यात गेला ते शोधत होतो. एकदा पैसे घेऊन निघालोही होतो तुझ्याकडे. अर्ध्या वाटेवरून परत फिरलो, कारण पैसे द्यायचे तर काच सांगावी लागली असती.

पंक्चर झालं की तुझी आठवण. चढावर गाडी तापली की तुझी आठवण. गाऱ्हाणं न घातलेली गाडी, दुसरं काय होणार, असं मी बायकोला म्हणायचो. आणि तू भेटलास की आधी विचारायचास, ‘पेद्रूकडे गेललंस?’ दर वर्षी आंब्याच्या आधी मी गाडी पेद्रूकडे सोडायचो आणि बाजारात जाऊन बसायचो. तरी तू विचारायचास, जणू मी अट मोडणारच आहे. मी ‘होय, गेललंय’ म्हणून तोंड फिरवायचो.

शेवटची भेट तर मला विसरायची आहे आणि ती विसरत नाही. दीड महिन्यापूर्वी तू पडवीत बसला होतास, खांद्यावर टॉवेल, अंग उतरलेलं. मी आंब्याच्या पेट्यांचं काहीतरी सांगत होतो. तू मध्येच म्हणालास, ‘वसंता.’ सहा वर्षांनी वसंता. मला कळलं होतं, दाजी. कळूनही मी ताठ बसलो.

‘वसंता, गाडयेच्या पोटाखाली एकदा जावन बघ.’

‘दाजी, विकलंस ना गाडी? मगे आता पुरे झाला.’

तू दिसणारा डोळा समुद्राकडे वळवलास. ‘पुरे तर पुरे,’ म्हणालास. मी चहा न घेता उठलो. तुझ्याशी बोललेलं माझं शेवटचं वाक्य हे आहे. दुसरं असतं तर बरं झालं असतं, पण हेच आहे.

तेराव्याचं सामान आणायला परवा सावंतवाडीला गेलो, तर चढावर गाडीच्या खालून करकर आवाज यायला लागला. म्हणून पेद्रूकडे वळलो. तू गेल्याचं त्याला कळलं होतं. त्याने चिंधीला हात पुसले आणि म्हणाला,

‘आता तुमका सांगूक हरकत नाय. दाजीन शपथ घातललान, म्हणान गप हुतंय.’

मग त्याने मला खाली घातलं. हातात बॅटरी दिली. गाडीचा सगळा भार ज्या दोन लांब लोखंडी दांड्यांवर असतो, त्यातला एक मधोमध कुजलेला होता. त्याच्यावर पट्ट्या ठोकलेल्या. एक जुनी, डांबराने काळी पडलेली, तिच्या बाजूला दुसरी, मग तिसरी. मी मोजल्या. सहा. वरून खोटी वाचणारा मी, सहा वर्षांत एकदाही खाली वाकलो नव्हतो.

‘विकूच्या आदीच कुजलो हुतो ह्यो,’ पेद्रू वरून सांगत होता. ‘खाऱ्या पाण्यान. मीच सांगललंय दाजीक, ही गाडी एक दिवस घाटात दोन तुकडे होतली. माशाच्या तेलान थोडो धरून रवललो, ता तुमी सोड्यान धुवन टाकलात. तुमी गाडी घेतलात आनी म्हयन्याभरान पयल्यांदा हय सोडलात, त्याच दिसा दाजी येस्टीन इलो. येका डोळ्याक पट्टी. म्हणालो, पेद्रू, बरी लोखंडाची पट्टी मार, पैसे माजे, वसंताक कळता नये. मी म्हटलंय, ह्ये खंयचे पैसे? तर म्हणालो, दुसऱ्या डोळ्याचे.’

मी खालीच पडून राहिलो. पेद्रूला वाटलं मला दम लागला. तो पुढे सांगत होता की नंतरच्या वर्षी तुझ्याकडे रोख नसायची, तर नारळाचं पोतं आणि सुके बांगडे घेऊन यायचास आणि गाडीखाली स्वतः घुसून बोटांनी सांधे तपासायचास. मी तेव्हा बाजारात बसलेलो असायचो.

आता मी रागावतो, दाजी. तो माझा हक्क आहे. त्या पहिल्या महिन्यात माझी दोन्ही पोरं त्या गाडीत बसून फोंड्याचा घाट चढली होती. तुला माहीत होतं ती गाडी तुटू शकते, आणि तू मला नारळाच्या खड्ड्याच्या गप्पा सांगत बसलास! एक वाक्य बोलायचं होतं. ‘वसंता, दांडो कुजलोहा.’ मी शिव्या दिल्या असत्या, आणखी पाचशे पाडले असते, पण गाडी आधी पेद्रूकडे नेली असती. तुझे डोळे, मुलाची होडी, सगळं मला समजतं. तरी पोरं आठवली की ते पुरत नाही. तू असतास तर तुझ्या खळ्यात येऊन मी बोंब मारली असती.

आणि मग दुसरं आठवतं, आणि राग कुठे ठेवावा ते कळत नाही. लोखंडात खारं पाणी एका दिवसात शिरत नाही, खूप खेपांचं असेल ते. पण त्यातल्या एका खेपेला ते पाणी माझ्या आईच्या पायाला लागलं होतं. जी खोट तू माझ्यापासून लपवलीस ती थोडी माझ्याच घरची होती. हे तू त्या दिवशी सौद्यात काढू शकत होतास. वहिनींनी तोंड उघडलं तर त्यांनाही आत पाठवलंस.

काल तेरावा उरकला. माणसं गेल्यावर मी वहिनींजवळ बसलो आणि काच सांगितली. सहा वर्षं जे जिभेवर येत नव्हतं ते दोन वाक्यांत संपलं. वहिनींनी मान वर केली नाही. तांदूळ निवडत म्हणाल्या,

‘तेका ठावक हुता. त्याच सांजेक हसान माका म्हणालो, वसंतान आज काच फोडल्यान. मगे गप झालो. म्हणालो, बरा झाला गो, तेचा एक, माजा एक.’

मी म्हटलं, ‘मगे फिटला ना, वयनी?’

‘तुजा खोटा हलका हुता रे. तेचा जड. तेका झेपला नाय ता.’

आज सकाळी मी जीप तुझ्या खळ्यात आणून उभी केली, त्या दिवशी होती तिथेच. तुझा मुलगा होडीवर गेला होता. शेजाऱ्यांना बोलावलं नाही. माझी काच चारचौघांत सांगायचा धीर अजून झालेला नाही, म्हणून आधी हे इथे लिहून काढतोय. वहिनी दाराच्या आत उभ्या होत्या, बाहेर आल्या नाहीत. मी नारळ हातात घेतला. मला कुठे येतं गाऱ्हाणं घालायला, गोदीतल्या कागदासारखंच वाचल्यागत झालं.

‘बा देवा म्हाराजा. सहा वर्सांपूर्वी ह्या खळ्यात ह्या गाडयेचो सौदो झालो. घेणाऱ्यान काच तडकलीहा म्हणान सांगितल्यान, ती तडकलेली नाय हुती. देणाऱ्यान दांडो कुजललो ता सांगूक नाय. पन मागसून आपल्या डोळ्याचे पैसे घालून तो सांदून घेतल्यान, आनी सहा वर्सा सांदीत रवलो. दोघय एकमेकाक सांगूक नाय, देवा, आनी दोघय फुकट रुसान रवले.’

इथे सगळ्यांनी ‘होय म्हाराजा’ म्हणायचं असतं. कोणी नव्हतं. मी थोडा थांबलो, तू थांबायचास तसा, आणि तुझ्या त्या ठरलेल्या वाक्यावर आलो. ‘देणाऱ्यान आनी घेणाऱ्यान’ एवढं म्हटलं आणि माझा घसा बसला. वाक्य आता खरं होतं, तरी बाहेर येईना. तुझ्या वेळी तर ते खोटं होतं, तेव्हा तुझं काय झालं असेल ते मला तिथे उभ्या उभ्या कळलं. माझ्यावरच्या रागाने नारळ नव्हता दिलास तू. तुला देवाशी खोटं बोलता येत नव्हतं, आणि मला खरं सांगायची तुझी सोय उरली नव्हती. तुझ्याजवळ निदान नारळ हातात द्यायला मी होतो. माझ्याजवळ तेही कोणी नव्हतं, म्हणून खाकरून पुन्हा सुरुवात केली.

‘देणाऱ्यान आनी घेणाऱ्यान, आता कोणीच कोणापासून काय लपयलेला नाय, देवा. ह्येका तू साक्षी.’

दाराच्या आतून वहिनींचा आवाज आला, ‘होय म्हाराजा.’

मी नारळ फोडला. तुझा अर्धा उंबऱ्यावर ठेवून आलो आहे.